दोन्ही बाजूंची लगोरी

“मनीष तांडेल?”

“गैरहजर, गुरुजी.”

“सायली तांडेल?”

“गैरहजर.”

“गौरेश कुबल?”

“गैरहजर. तो मुंबईक गेलो.”

“कारण विचारलेलं नाही. वैजयंती मेतर?”

“हजर.”

एवढं झालं की वैजू उठायची, व्हरांड्यातल्या घंटेवर एक टोल द्यायची आणि परत येऊन खिडकीखालच्या बसकरावर मांडी घालून बसायची. मग कातळबावची शाळा भरली असं आम्ही दोघं समजत असू.

खरं तर हजेरीपटावर एकच नाव उरलं होतं. बाकी तिघांची नावं मी जूनमध्येच लाल शाईने कमी केली होती. पण वैजूला ते पटलं नाही. “तेंची नावां घेवा, गुरुजी. नायतर माझां लगेच येता,” असं ती म्हणाली. मग मी रोज त्या तिघांना हाक मारू लागलो आणि ती रोज त्यांची गैरहजेरी लावू लागली. मला त्याची गंमत वाटायची.

मी मूळचा गडहिंग्लजचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा बडोद्याला नोकरीत रमला होता, आणि निवृत्तीला अडीच वर्षं उरली असताना माझी बदली या टोकाच्या वाडीवर झाली. मालवण इथून बावीस किलोमीटर. डांबरी रस्ता वर कातळाच्या सपाट सड्यावर संपायचा आणि तिथून खाली पायवाट. वाडीत अकरा घरं, त्यातल्या आठांना कुलपं. एका खोलीची शाळा, समोर अंगण, अंगणापुढे उतार आणि उताराखाली अर्ध्या कोसाची पांढरी पुळण. चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गात माझा जन्म गेला होता. एकच मूल समोर बसलं तर काय शिकवायचं, असं पहिले आठ दिवस वाटलं. नंतर वाटू लागलं, की शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला आत्ता कुठे कळतंय. वैजू तिसरीत होती, पण पाचवीचं पुस्तक वाचत होती. तीसपर्यंत पाढे पाठ. ओहोटीची वेळ तिथीवरून काढून सांगायची. मी तिला शिकवताना कधी घड्याळाकडे बघितलं नाही.

ही गोष्ट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. त्याला आता सोळा वर्षं होतील.

आदल्या संध्याकाळी वैजूचा बाप, बाबी मेतर, शाळेच्या पायरीवर येऊन बसला होता. बराच वेळ तो मासळीबद्दल, वाऱ्याबद्दल आणि माझ्या गुडघ्याबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, दाखलो होयो होतो. वैजूचो.”

“मालवणला जायचं म्हणतोस?”

“खोली बघलंय. बोटीर काम गावला. पर्यटकांका घेवन जावचा आणि परत आणूचा. शाळा तर खोलयेच्या फुडेच आसा.”

“जूनमध्ये हेच म्हणत होतास, बाबी.”

“जूनात तुमी म्हटलात, दिवाळीपर्यंत ऱ्हव. दिवाळीत म्हटलात, सहामाहीचो निकाल होवंदे.” हे त्याने तक्रारीने म्हटलं नाही. पाढा म्हणावा तसं म्हटलं.

“मग आता एप्रिल होऊ दे. मध्येच वर्ष मोडू नये. तिथे एका वर्गात साठ मुलं. तुझ्या मुलीकडे कोण बघणार? इथे ती पाचवीचं वाचतेय.”

“ता खरां.”

“शिवाय ती गेली की ही शाळा बंद. वाडीतली शाळा एकदा गेली की परत येत नाही.”

बाबीने पायरीवरची वाळू बोटाने एका बाजूला केली. “तुमी सांगतात म्हणजे ता बरोबरच असतला,” असं म्हणून तो उठला. मला बरं वाटलं. रात्री झोपही चांगली लागली.

तर त्या सकाळी टोल पडला आणि थोड्याच वेळात दारात एक बाई उभी राहिली. मागे दोन मुलं, हातात पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर टोप्या.

“माफ करा हं, वर्ग चालू आहे का?” तिने आत डोकावून विचारलं. वर्ग कुठे आहे ते तिला दिसेना.

“चालूच आहे. या.”

“खाली समुद्र दिसतोय, तिथे जाता येतं?”

“पायवाट आहे. जपून उतरा.”

“गर्दी असते का?”

“तुम्ही तिघं गेलात की तीन माणसं होतील.”

ती हसली आणि व्हरांड्याच्या कठड्यावर टेकलीच. तिचं नाव अनघा देवधर, नाशिकची. “काका, आज आमचा चौथा दिवस. पहिल्या दिवशी मालवणच्या किनाऱ्यावर गेलो, पाय ठेवायला जागा नाही. मग चिवल्याला गेलो. मग तारकर्ली. काल देवबाग. जिथे जाऊ तिथे आमच्यासारखेच शांतता शोधायला आलेले. यांचे बाबा म्हणाले, मी आपला स्कूबाच्या रांगेत उभा राहतो, तू शोध. शेवटी एका शहाळीवाल्याने सांगितलं, डांबर संपेल तिथे गाडी ठेवा आणि खाली उतरा.”

“बरोबर सांगितलं त्याने.”

“किती शांत आहे हो इथे. कसं राखलंत हे?”

“राखलं नाही, बाई. माणसं गेली आणि हे उरलं.”

तिला ते नीटसं ऐकू गेलं नसावं. ती भिंतीवरचे तक्ते बघत होती. “किती मुलं आहेत शाळेत?”

“एक.”

“एक वर्ग?”

“एक मुलगी.”

वैजू तोवर उठून खांबाआड आली होती. पाहुण्यांच्या मुलीकडे ती अशी बघत होती, की मला तिला ‘असं टक लावून बघू नये’ म्हणून सांगावंसं वाटलं. मुलगी तिच्यापेक्षा वर्षाने मोठी असेल. तिचं नाव तन्वी. धाकटा निहार, सात वर्षांचा, त्याच्या पुढच्या दोन दातांची जागा रिकामी होती.

वैजूने माझ्या सदऱ्याची बाही ओढली. “गुरुजी,” ती कुजबुजली, “ह्येंची नावां घेवा ना हजेरीत.”

“अगं, ते पाहुणे आहेत.”

“आजच्यापुरती.”

मी हजेरीपट उघडला. त्यात लिहिलं काही नाही, पण आवाज मात्र रोजच्यासारखा लावला. “तन्वी देवधर?” त्या मुलीने आईकडे पाहिलं आणि लाजत “हजर” म्हटलं. “निहार देवधर?” “हजर!” तो शाळेबाहेर ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला. “वैजयंती मेतर?”

वैजूचं लक्षच नव्हतं. ती त्या दोघांकडेच बघत राहिली होती. मी पुन्हा हाक मारल्यावर तिने घाईने “हजर” म्हटलं आणि धावत जाऊन पुन्हा एकदा टोल दिला.

त्या दिवशी शाळा मी पुळणीवर नेली. इतक्या महिन्यांनी तीन मुलं पुढ्यात आली होती, मला राहवलं नाही. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर खेकड्यांच्या बिळांभोवती वाळूच्या बारीक गोळ्या पसरल्या होत्या. मी निहारला विचारलं, “या गोळ्या कोणी वळल्या असतील?” तो म्हणाला, “मुंग्यांनी.” तन्वी म्हणाली, “पाण्याने.” मी उत्तर दिलं नाही. तिघांना न हलता, आवाज न करता, पालथं पडून राहायला सांगितलं. बऱ्याच वेळाने एक खेकडा बाहेर आला, त्याने वाळू तोंडात घेतली, त्यातलं खायचं ते खाल्लं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवली. निहार इतका वेळ गप्प राहिलेला त्याच्या आईने कधी पाहिला नव्हता म्हणे.

“वैजू, आज भरती किती वाजता?” मी विचारलं.

“आज एकादस. साडेआठच्या सुमाराक भरली होती. आता दोन-अडीचपर्यंत सुकती.”

“बघा,” मी अनघाबाईंना म्हटलं. मग वैजूला पाढे विचारले, एक कविता म्हणायला लावली, मासे ओळखायला लावले. वैजू सगळं बिनचूक सांगत गेली, पण डोळे तन्वीच्या निळ्या चपलांवर होते.

“केवढं भाग्य हिचं,” अनघाबाई म्हणाल्या. “अशी पुळण, असे गुरुजी, सगळं सगळं हिच्या एकटीचं. आमच्या तन्वीच्या वर्गात अठ्ठावन्न मुलं आहेत. बाईंना तिचं नाव दिवाळीनंतर पाठ झालं.”

“आता थोडं खेळू द्या त्यांना,” मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. बाई सुरूच्या सावलीत पुस्तक उघडून बसल्या. मी जरा लांब एका कातळावर टेकलो.

वैजूची लगोरी तिथेच कातळाच्या खाचेत ठेवलेली असायची. समुद्राने घासून गुळगुळीत केलेल्या सात चपट्या ठिकऱ्या आणि तिच्या आईने चिंध्या भरून शिवलेला चेंडू. तिने पाहुण्यांसाठी ठिकऱ्या एकावर एक रचल्या, दोन्ही बाजूंना टाचेने रेघा ओढल्या आणि तन्वी-निहारला हाताला धरून पलीकडच्या रेघेमागे उभं केलं.

“एका बाजूक तीन नेम,” तिने नियम सांगितला. “पयली मी.”

तिचे तिन्ही नेम चुकले. तिसरा चेंडू घरंगळत तन्वीच्या पायाशी गेला. तन्वी वाकून तो उचलणार एवढ्यात वैजू धावत पलीकडे गेली, चेंडू उचलला आणि त्यांच्या रेघेमागे उभी राहून फेकला.

“अगं, आता आमची पाळी आहे,” तन्वी म्हणाली.

“होय. तुमचीच टाकतंय मी.”

दुसरा चेंडूही तिनेच टाकला. लगोरी फुटली. वैजूने टाळ्या वाजवल्या. “जिंकलात तुमी,” ती तन्वीला म्हणाली, आणि लगेच जाऊन ठिकऱ्या रचू लागली. मग पळत अलीकडे येऊन आपली पाळी टाकली. मग पळत पलीकडे.

निहार कमरेवर हात ठेवून बघत होता. “आणि आम्ही काय करायचं?”

वैजूला प्रश्न कळला नाही. ती थोडी विचारात पडली. मग म्हणाली, “तुमी उभे ऱ्हवा.”

“ए, हिला खेळता येत नाही,” तन्वी म्हणाली. रागाने नाही, कंटाळून. “चल निहार, आपण पाण्यात जाऊ.”

दोघं पळाली. त्यांचा हसण्याचा आवाज कातळापर्यंत येत राहिला. वैजू चेंडू हातात धरून दोन रेघांच्या मध्ये उभी होती. तिने आधी या रेघेकडे पाहिलं, मग त्या. मग माझ्याकडे आली आणि माझ्या कातळाला टेकून उभी राहिली.

“गुरुजी,” ती म्हणाली, “तेंका खेळूक येणा नाय.”

मी तिच्या हातातल्या चेंडूकडे बघितलं.

“तुमी शिकवा ना तेंका. माका शिकवलात तसां.”

जूनमध्ये ती तिघं गेली, तेव्हा वैजू चार दिवस शाळेच्या अंगणात चेंडू घेऊन रडत बसली होती. माझा गुडघा मला धावू देत नव्हता आणि समोर अहवालांचा गठ्ठा होता. मी तिला जवळ घेतलं आणि एक युक्ती सांगितली. म्हटलं, “हे बघ, दोन्ही बाजू तूच. एकदा इकडून टाकायचं, एकदा तिकडून. कोणीही जिंको, जिंकणार तूच.” तिने डोळे पुसले आणि उठून खेळायला लागली. संध्याकाळी मी ही युक्ती वहीत लिहूनसुद्धा ठेवली होती. पुढे केंद्राच्या बैठकीत, एकशिक्षकी शाळेतले उपक्रम म्हणून, ती वाचून दाखवली. लोकांनी माना डोलावल्या होत्या.

सहा महिने ती माझा धडा रोज गिरवत होती. माझ्या इतर सगळ्या धड्यांसारखा तोही तिला चोख पाठ होता.

“शिकवशात ना?” तिने पुन्हा विचारलं.

“जा,” मी म्हटलं. “पाण्यात जा त्यांच्याबरोबर. चेंडू ठेव इथे.”

ती गेली, पण पाण्यात शिरली नाही. त्या दोघांपासून दहा पावलांवर उभी राहून ते काय करतात ते बघत राहिली. लाट आली की ती दोघं हात धरून उडी मारायची. वैजूही त्याच वेळी उडी मारायची, एकटीच, दहा पावलांवरून.

निघताना अनघाबाईंनी मला हात जोडले. “काका, काळजी करू नका. या जागेबद्दल मी कोणालाही सांगणार नाही.”

“सांगा,” मी म्हटलं. “लहान मुलं असतील त्यांना तर जरूर सांगा.”

त्यांना ते चमत्कारिक वाटलं असणार. पायवाटेच्या वळणावर निहारने मागे वळून हात केला. वैजूने उत्तरादाखल दोन्ही हात हलवले, ते वळणामागे दिसेनासे झाल्यावरही बराच वेळ.

शाळा सुटल्यावर मी कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी लेखणी थांबली. तिथे ‘पालकांचे स्थलांतर’ असं लिहायची पद्धत आहे. मी तेच लिहिलं.

बाबी घरामागे जाळं शिवत बसला होता. पोरीची काही तक्रार असावी असं वाटून, मला बघताच गडबडीने उठला. “काय केल्यान काय चेडवान?”

“काही नाही. हा दाखला.”

त्याने हात अंगाला पुसले, पण कागद घेतला नाही. “तुमी तर एप्रिल म्हटलात.”

“एप्रिल नको. परवा सोमवार आहे. सोमवारीच नाव घाल.”

“आणि वर्ष मोडतला ता?”

“ती वर्ष भरून काढेल, बाबी. त्याची मला चिंता नाही.”

“मगे काल...”

“काल मी चुकलो.”

बाबीने माझ्याकडे पाहिलं. गुरुजी चुकतात हे त्याला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं बहुतेक. आत वळून तो म्हणाला, “शालू, गुरुजींका चाय टाक गो.” आणि मग कागद दोन्ही हातांनी घेतला.

वैजू दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. मी निघालो तेव्हा कुंपणाच्या वईपर्यंत माझ्याबरोबर आली.

“थयसर हजेरीत किती नावां?”

“साठ तरी असतील.”

“माझां कितवां येतला?”

“शेवटी शेवटी येईल. वाट बघावी लागेल.”

तिने मनाशी काही हिशेब केला. “मगे हयसर कोण?”

“मी आहे की.”

“तुमी एकटे?”

“हो.”

तिला त्यात फारसं अवघड काही वाटलं नाही. “दोन्ही बाजूंनी खेळा, गुरुजी,” ती म्हणाली. “ठिकऱ्यो खयं आसत ते म्हायत आसा ना तुमका? जिंकशात तुमीच.”

सोमवारी मेतरांच्या घरालाही कुलूप लागलं.

वरून हुकूम येईपर्यंत शाळा उघडी ठेवणं भाग होतं. तो यायला सात आठवडे लागले. मी रोज साडेदहाला दार उघडत होतो, झाडून काढत होतो, फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहीत होतो. हजेरीपट मात्र उघडत नव्हतो. टोल दिला की कावळे उडायचे, एवढंच.

जानेवारीच्या अखेरीस केंद्राच्या बैठकीसाठी मालवणला जाणं झालं. बैठक संपल्यावर मी मुद्दाम वाकडी वाट करून तिच्या शाळेवरून गेलो. मधली सुट्टी होती. मैदानात धुळीचा लोट आणि कान किटतील एवढा कालवा. आधी ती मला दिसलीच नाही. मग कुंपणाच्या कोपऱ्यात, लगोरीपाशी, सहा-सात मुलींच्या रांगेत दिसली. तिचा नंबर शेवटचा होता. रांगेतल्या पहिल्या मुलीचा नेम चुकला. चेंडू कुंपणाला लागून घरंगळत वैजूच्या पायाशी आला. तिने तो उचलला.

तिने चेंडू क्षणभर हातात धरला. पलीकडच्या रेघेकडे बघितलं. मग जिची पाळी होती तिला तो देऊन ती रांगेत आपल्या जागी उभी राहिली.

मी तिला हाक मारली नाही. स्टँडवर येऊन परतीची एसटी धरली.

डांबर संपतं तिथे उतरून खाली आलो तेव्हा उन्हं कलली होती. वाडीत उरलेल्या दोन घरांतही अजून चूल पेटलेली नव्हती. पुळणीवर माणूस नव्हता, पाऊल नव्हतं, फक्त खेकड्यांनी वळून ठेवलेल्या गोळ्या. मी चपला काढल्या. कातळाच्या खाचेत हात घालून चेंडू आणि ठिकऱ्या काढल्या आणि सातही ठिकऱ्या एकावर एक नीट रचल्या. वीस पावलं मोजून टाचेने रेघ ओढली. गुडघा सांभाळत उभा राहिलो आणि चेंडू टाकला.

नेम चुकला. चेंडू लगोरीवरून जाऊन पलीकडे, पाण्याच्या जवळ थांबला. मी तसाच उभा राहिलो. एक लाट आली, त्याला भिजवून गेली. दुसरी आली.

मग मी तो आणायला गेलो.